शोकेसमधले बुत

महाडच्या खाडीपट्ट्यातील किंवा पोलादपूर परिसरातील जुन्या मुस्लिम घरांत गेले की ओटीवर अथवा माजघरात एक काचेचे कपाट दिसते. घरातली सगळी माणसे त्याला 'शोकेस' म्हणतात. त्यात मक्का-मदिनेची चौकट असते, सोनेरी काठाच्या कपबश्या असतात, अत्तराच्या रिकाम्या झालेल्या पण टाकवत नाहीत अशा कुप्या असतात, आखातातून आलेली घड्याळे असतात. आणि काही घरांत मागच्या रांगेत, कपबश्यांच्या आडोशाला, वीतभर उंचीची एक पांढरी बाई उभी असते. कधी तिला हात नसतात. कधी ती अंगावरचे वस्त्र सावरत असते. कधी बाईऐवजी खांद्यावर वस्त्र टाकलेला तरुण असतो आणि त्याच्या पायाशी झाडाचा बुंधा असतो. घरातल्या वडीलधाऱ्या बायका तिला 'मडम' म्हणतात. आजोबांनी बोटीवरून आणली, एवढीच तिची माहिती घरात शिल्लक असते.

ही मडम कोण? ती कुठून आली, कशी आली? आणि मुसलमानाच्या घरात ती कशी काय राहिली? हे तीन प्रश्न आम्हाला महत्त्वाचे वाटतात. पहिल्या दोहोंची उत्तरे इतिहासात आहेत. तिसऱ्याचे उत्तर आपल्याला आपसांत बोलून शोधावे लागेल. पण बोलण्याआधी माहिती हवी, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात मातीपासून करू. आपण जिला 'चिनी माती' म्हणतो ती दोन जिनसांची बनते. एक केओलिन नावाची पांढरी माती आणि दुसरी एका विशिष्ट दगडाची भुकटी. हे मिश्रण तेराशे अंश सेल्सियसच्या आसपास किंवा त्याहून जास्त आचेवर भाजले की ते काचेसारखे एकजीव होते, पाणी शोषत नाही आणि पातळ असेल तर उजेड आरपार जातो. चिनी कारागिरांनी ही विद्या हजार-बाराशे वर्षांपूर्वीच पूर्णत्वाला नेली होती. चीनबाहेरच्या जगाला तिची लेखी बातमी देणाऱ्यांत अरब व्यापारी आघाडीवर होते. इ.स. ८५१ मधला, सुलैमान ताजिर याच्या नावाशी जोडलेला अरबी वृत्तांत आहे. चीनमध्ये मातीची अशी भांडी बनतात की ती काचेसारखी पारदर्शक असतात आणि आतले पाणी बाहेरून दिसते, अशी नोंद त्यात केलेली आहे.

हा माल समुद्रमार्गे बसऱ्याला जात असे आणि त्या वाटेवर आपला कोकण किनारा होता. अरबांनी 'सैमूर' म्हटलेले बंदर म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यातील चौल, असे अभ्यासक मानतात. इ.स. ९१६ च्या सुमारास इतिहासकार अल-मसूदी तेथे आला होता आणि तेथे सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. चौलच्या जुन्या वस्तीच्या जागेत चिनी भांड्यांच्या कपच्या मिळाल्या आहेत. म्हणजे चिनी माती आणि कोकणी मुसलमान यांची ओळख आखातातल्या नोकऱ्यांपासूनची नाही, ती हजार वर्षांची आहे.

याच काळात बसऱ्याच्या कुंभारांनी एक गोष्ट केली, ती आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. त्यांच्याकडे केओलिन नव्हते. त्यांनी स्थानिक मातीचीच भांडी घडवली, त्यांवर कथिलाचा अंश असलेली पांढरी झिलई चढवली आणि दिसायला चिनी भांड्यांसारखी भांडी तयार केली. नक्कल केली खरी, पण पुढे त्या पांढऱ्या अंगावर त्यांनी निळ्या रंगाची नक्षी काढली. आणखी काही शतकांनी, चौदाव्या शतकात, इराणकडचा कोबाल्टचा निळा रंग चीनमध्ये गेला आणि चिनी कारागिरांनी निळ्या-पांढऱ्या भांड्यांचा असा काही सिलसिला सुरू केला की आज जग त्यालाच अस्सल चिनी समजते. अस्सल कोणते आणि नक्कल कोणती, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, हे येथे ध्यानात येते.

आता मडमकडे वळू. आपल्या शोकेसमधली हात नसलेली बाई बहुधा 'व्हीनस द मिलो' असते. ग्रीसच्या मिलोस बेटावर १८२० साली एका शेतकऱ्याला तिचा संगमरवरी पुतळा सापडला. तो दोन मीटरहून थोडा उंच आहे आणि १८२१ पासून पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. सापडला तेव्हाच त्याचे हात तुटलेले होते. म्हणून आपल्या घरातल्या बाहुलीचेही हात पडलेले नाहीत, ते मुळातच केलेले नाहीत. खांद्यावर वस्त्र आणि पायाशी बुंधा असलेला तरुण हा 'अपोलो बेल्वेडेर', व्हॅटिकनमध्ये असलेला. थाळी फेकण्याच्या पवित्र्यात वाकलेला पहिलवान हा मायरन नावाच्या ग्रीक शिल्पकाराचा 'थाळीफेक्या'. आणि फुलाच्या पाकळ्यांतून वर आलेला, मान किंचित झुकवलेल्या तरुणीचा अर्धपुतळा असेल तर ती 'क्लायटी'. चार्ल्स टाउनली या इंग्रज संग्राहकाने तिचा संगमरवरी पुतळा १७७२ मध्ये नेपल्सला विकत घेतला आणि १८०५ मध्ये तो ब्रिटिश म्युझियमकडे गेला.

यातली मौज अशी, की जगाने ज्यांना अस्सल म्हणून डोक्यावर घेतले त्यांतले पुष्कळ पुतळे स्वतःच नकला आहेत. मायरनने आपला थाळीफेक्या इ.स.पू. पाचव्या शतकात काशाचा ओतला होता. तो आज अस्तित्वात नाही. आज आपण पाहतो त्या त्याच्या रोमन काळात केलेल्या संगमरवरी प्रती. अपोलोचेही तसेच मानले जाते. काशाचे पुतळे पुढच्या काळात वितळवले गेले, दगडाचे राहिले.

पायाशी असलेला तो झाडाचा बुंधा याचाच पुरावा आहे. काशाचा पोकळ पुतळा दोन पायांवर सहज उभा राहतो. संगमरवर जड आणि ठिसूळ, त्याचे पाय घोट्यात मोडतात. म्हणून रोमन कारागिरांनी नक्कल करताना टेकू म्हणून बुंधा कोरला. पुढे चिनी मातीत नक्कल करणाऱ्यांनी तो बुंधाही इमानेइतबारे उचलला. उर्दू वाचणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. हस्तलिखिताची नक्कल करताना एका कातिबाने एखादा शब्द वाढवला की त्यावरून नक्कल करणारा पुढचा कातिबही तो उतरवतो. मग अभ्यासक त्या वाढीव शब्दावरूनच कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून झाली हे ओळखतात. पुतळ्यांच्या दुनियेत हा बुंधा म्हणजे कातिबाचा तो वाढीव शब्द आहे.

आणि नक्कल ही हलकी गोष्ट असती तर आपल्या तहजिबीचा मोठा भाग हलका ठरला असता. बगदादमध्ये नवव्या शतकात हुनैन इब्न इसहाक (मृत्यू इ.स. ८७३) आणि त्याच्या साथीदारांनी ग्रीक वैद्यक अरबीत उतरवले. बनू मूसा या तिघा भावांच्या पुढाकाराने अपोलोनियसचा शंकुच्छेदावरचा गणितग्रंथ अरबीत आला. त्या ग्रंथाच्या आठ भागांपैकी पाचवा, सहावा आणि सातवा भाग ग्रीक भाषेत आज उपलब्ध नाही, तो फक्त अरबीमुळे वाचला. अस्सल गेले, प्रत राहिली, आणि ज्ञान प्रतीतून पुढे चालले. रोमन दगडफोड्याने पुतळ्यांच्या बाबतीत जे केले तेच आपल्या बुजुर्गांनी किताबांच्या बाबतीत केले.

ग्रीक शिल्पाची लहान प्रत महाराष्ट्रात येणे हीसुद्धा नवी गोष्ट नाही. कोल्हापूरजवळ पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाचे टेकाड आहे. तेथे १९४४ च्या सुमारास काशाच्या वस्तूंचा साठा सापडला आणि पाठोपाठ १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. ग. दीक्षित यांनी उत्खनन केले. त्या साठ्यात समुद्राचा ग्रीक देव पोसायडन याची वीतभराहूनही लहान मूर्ती होती. इ.स.पू. चौथ्या शतकातील लिसिपस या शिल्पकाराच्या घडणीशी अभ्यासक तिचे नाते जोडतात. म्हणजे सातवाहन काळात रोमन व्यापाराबरोबर कोणीतरी एका नामांकित पुतळ्याची छोटी प्रत समुद्र ओलांडून आणि सह्याद्री चढून कोल्हापूरला आणली. आपल्या शोकेसमधल्या मडमची ही सर्वांत वडील बहीण समजायला हरकत नाही.

धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे तर याहून नवल आहे. तेथील लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातील पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्ती आहेत. पुढचा एक आणि मागचा एक अशा दोन साच्यांत माती दाबून, दोन्ही भाग जोडून त्या केल्या आहेत. आतून त्या पोकळ आहेत. दोन साच्यांची ही तऱ्हा रोमन जगातून आली असावी असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. माती चिनी मातीचीच, फक्त भट्टीची आच कमी. आणि हा व्यवहार एकतर्फी नव्हता. इटलीतील पाँपेई शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. १९३८ मध्ये तेथे भारतीय घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. तिच्याशी मिळत्याजुळत्या मूर्ती तेर आणि भोकरदन येथे सापडल्या आहेत. त्यांच्या घरात आपली बाहुली होती, आपल्या घरात त्यांची.

महाडकरांनी हे वाचताना गांधारपाल्याची लेणी आठवावीत. सावित्रीच्या काठी डोंगरात कोरलेली ती बौद्ध लेणी त्याच व्यापाराच्या युगातली. आणि आपण ज्याला 'बुत' म्हणतो तो फारसी शब्द 'बुद्ध' या नावावरूनच आला, असे भाषेचे अभ्यासक सांगतात. इराणी माणसाने पूर्वेकडे पाहिलेल्या मूर्ती बुद्धाच्या होत्या, म्हणून मूर्तीचेच नाव बुत पडले. गांधार देशातल्या त्या बुद्धमूर्तींच्या चेहऱ्यावर आणि वस्त्राच्या चुण्यांवर ग्रीक-रोमन शिल्पाची छाप स्पष्ट दिसते. म्हणजे उर्दू गझलेत माशूकसाठी हजारदा येऊन गेलेल्या एका शब्दात ग्रीस, गांधार आणि गौतम बुद्ध तिघेही दडलेले आहेत.

आता युरोपात जाऊ. चिनी मातीचे गुपित युरोपला शतकानुशतके उलगडले नव्हते. सॅक्सनीचा राजा ऑगस्टस याला या भांड्यांचा इतका नाद, की १७१७ साली त्याने प्रशियाच्या राजाला आपले ६०० घोडेस्वार देऊन १५१ चिनी भांडी घेतली. त्याच्याच कैदेत असलेला योहान बॉटगर नावाचा किमयागार सोने बनवण्याच्या खटपटीत होता. सोने काही झाले नाही, पण चिर्नहाउस या विद्वानाच्या साथीने केलेल्या प्रयोगांतून १७०८ मध्ये पांढरी चिनी माती साधली. १७१० मध्ये माइसेन येथे कारखाना निघाला.

पुढे १७३८ मध्ये हर्क्युलेनियम आणि १७४८ मध्ये पाँपेई येथे खोदकाम सुरू झाले. सगळा युरोप ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या मागे लागला. श्रीमंतांची मुले इटलीची सफर करत आणि परतताना आठवण म्हणून काहीतरी घेऊन येत. संगमरवरी पुतळा बैठकीत आणणे प्रत्येकाला परवडणारे नव्हते. येथे चिनी माती उपयोगी पडली. फ्रान्समधील कारखान्याने १७५० नंतर लवकरच झिलई न चढवलेल्या मूर्ती काढल्या. त्यांचा पृष्ठभाग चकाकत नाही, संगमरवरासारखा मऊ दिसतो. या प्रकाराला 'बिस्किट' म्हणतात. आमच्या वर्गातल्या मुलांना हे नाव ऐकून फार हसू आले होते. १७८५ मध्ये जोव्हानी व्होल्पातो याने खास रोममध्ये असा कारखाना काढला आणि तेथील संग्रहालयांतल्या नामांकित पुतळ्यांच्या छोट्या प्रती प्रवाशांना विकल्या. नेपल्सच्या शाही कारखान्यात फिलिपो ताल्योलिनी हा शिल्पकार तेच काम करत होता.

ही कला सामान्य माणसाच्या घरात पोहोचवली ती इंग्लंडच्या कारखानदारांनी. १८४० नंतरच्या काही वर्षांत कोपलंड आणि मिंटन यांच्या कारखान्यांत 'पॅरियन' नावाची नवी माती आली. ग्रीसच्या पारोस बेटावरच्या संगमरवरावरून हे नाव ठेवले होते. त्याच सुमारास, १८४४ मध्ये, बेंजामिन चेव्हर्टन याने मोठ्या पुतळ्याची हुबेहूब छोटी प्रत कोरणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. यंत्राची एक सुई मोठ्या पुतळ्यावरून फिरे आणि तिला जोडलेली दुसरी सुई त्याच प्रमाणात लहान आकार कापत जाई. मग लंडनच्या आर्ट युनियनसारख्या संस्था वर्गणीदारांना अशा मूर्ती देऊ लागल्या. १८५५ पासूनची कोपलंडची क्लायटी त्यांपैकीच.

या मूर्ती घडतात कशा, हेही समजून घेण्यासारखे आहे. आधी मूळ नमुन्यावरून प्लास्टरचे साचे घेतात. डोके, धड, हात यांचे साचे वेगळे. त्यात चिनी मातीचा पातळ काला ओततात. कोरडे प्लास्टर पाणी शोषते आणि आतल्या बाजूने मातीचा थर जमतो. तो पुरेसा जाड झाला की उरलेला काला ओतून टाकतात. म्हणून मूर्ती पोकळ असते. नंतर अवयव काल्यानेच जोडतात, सांधे पुसून घेतात, आतली हवा निघायला तळाशी भोक ठेवतात. भट्टीत चिनी माती साधारण सहाव्या हिश्श्याने आकसते, पॅरियन तर चौथ्या हिश्श्यापर्यंत. आकसताना हात वाकू नये म्हणून त्याच मातीचे टेकू द्यावे लागतात. एका वीतभर बाईच्या मागे इतक्या हातांची मेहनत असते.

हिंदुस्थानात ही आवड दोन वाटांनी आली. पहिली वाट सरकारी. १८५७ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत विद्यार्थ्यांना ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रती समोर ठेवून चित्रकला शिकवली जाई. त्याच शाळेत शिकलेल्या गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ मध्ये 'मंदिरपथगामिनी' घडवली. लुगडे नेसलेली मराठी तरुणी, पण तिच्या उभे राहण्यात आणि वस्त्राच्या चुण्यांत ग्रीक अभ्यास दिसतो. दुसरी वाट बाजाराची. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला. त्याच्या चित्रांवरून लक्ष्मी-सरस्वतीच्या चिनी मातीच्या मूर्ती जर्मनीत घडून आपल्याकडे येऊ लागल्या. नबाबी घरेही मागे नव्हती. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात युरोपी चिनी मातीच्या वस्तूंची दालने आहेत आणि बेन्झोनी या इटालियन शिल्पकाराची संगमरवरी 'व्हेल्ड रेबेका' आहे. ती १८७६ मध्ये सालारजंग पहिले यांनी आणली. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहातील युरोपी, चिनी आणि जपानी वस्तू आहेत. त्याच संग्रहालयात डिसेंबर २०२३ मध्ये ग्रीस, रोम, इजिप्त, असीरिया आणि भारत यांची प्राचीन शिल्पे एकत्र मांडली गेली. ज्यांना युरोप परवडत नाही अशा मुलांना ग्रीक-रोमन संगमरवर मुंबईत पाहता आला.

महाड-पोलादपूर या सगळ्यापासून वाटते तितके दूर नव्हते. १७५६ पासून बाणकोट इंग्रजांकडे होते. महाबळेश्वर वसल्यावर मुंबईचे साहेब लोक समुद्रमार्गे बाणकोटला येत, तेथून सावित्रीच्या खाडीतून होडीने दासगाव-महाडला आणि पुढे पालखीने पोलादपूरवरून पार घाट चढून वर जात. १८७६ मध्ये फिट्झगेराल्ड घाट, म्हणजे आजचा आंबेनळी घाट झाला. साहेबाचे सामान आमच्या दारावरून डोक्यावर वाहून नेले गेले.

पण शोकेसमधली मडम त्या वाटेने आली नसावी. ती बहुधा आली ती आपल्याच माणसाच्या पेटीतून. कोकण किनाऱ्यावरचे मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया यांच्या आगबोटींवर सारंग, टंडेल, खलाशी म्हणून राबले. लंडन, नेपल्स, हॅम्बुर्ग, कोबे ही नावे आमच्या गावांतल्या अनपढ माणसांना पाठ होती. बंदरावरच्या दुकानात त्यांनी कपबश्या घेतल्या, घड्याळे घेतली, आणि कधी एखादी पांढरी बाहुलीही घेतली. काही वस्तू मुंबईतल्या चोरबाजाराच्या मटण स्ट्रीटवरून आल्या. तेथे आपल्याच बिरादरीचे व्यापारी साहेबांच्या आणि शेटजींच्या घरांतून निघालेले सामान विकत.

या वस्तूंचे वय ओळखण्याची काही साधी खूण आहे. मूर्ती उलटी करावी. इंग्लंडने १८८७ मध्ये मालावरच्या खुणांचा कायदा केला, त्यानंतर 'मेड इन जर्मनी' हा छाप सर्रास दिसू लागला. 'निप्पॉन' लिहिलेले असेल तर ती साधारण १८९१ ते १९२१ या काळातली. 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरची, १९५२ पर्यंतची, जपान अमेरिकेच्या ताब्यात असतानाची. 'जी.डी.आर.' असेल तर पूर्व जर्मनीची, म्हणजे १९४९ ते १९९० मधली. दोन आडव्या तलवारी माइसेनची खूण, पण तिची नक्कल इतकी झाली आहे की केवळ तेवढ्यावर विश्वास ठेवू नये. छाप नसेल तर हलकेच टिचकी मारावी. चिनी माती किणकिणते, प्लास्टर ठस्स वाजते. हल्लीची राळेची मूर्ती हाताला गार लागत नाही.

या छापांचे मोल आम्हाला पैशापेक्षा वेगळ्या कारणासाठी वाटते. आमच्या खलाशांनी रोजनिशा लिहिल्या नाहीत. बहुतेकांना सही करता येत नव्हती. कंपनीच्या कागदांत ते अंगठ्याचे ठसे म्हणून उरले. ते कोणत्या बंदरात, कोणत्या दशकात होते, हे सांगणारा कागद घरात नसतो. बाहुलीच्या तळाशी असलेला तो इंचभर छाप मात्र असतो. १९४७ ते १९५२ मधल्या जपानचा छाप असलेली मूर्ती एखाद्या घरात मिळाली, तर ती कोणी, कुठून आणली हे विचारायला निदान एक धागा हाती लागतो.

आता तिसरा प्रश्न. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अनेक घरांतून या मूर्ती नाहीशा होत आहेत. कोणी भंगारात दिल्या, कोणी त्यांची मुंडकी मोडली, कोणी खाडीत सोडल्या. घरात मुजस्समा असू नये, या समजुतीने हे होते आणि त्या समजुतीमागे ईमान आहे, हे आम्ही जाणतो. उर्दू शाळेत हजरत इब्राहीम यांचा किस्सा शिकवताना एका मुलीने आम्हाला विचारले होते, "मग आमच्या नानीच्या शोकेसमधली बाहुली तोडायची का?" वर्ग गप्प झाला. लहान मुलांचे प्रश्न असेच सरळ येतात.

आम्ही मुफ्ती नाही आणि फतवा देण्याचा आमचा अधिकारही नाही. मात्र शिक्षक म्हणून वाचलेले पुढे ठेवू शकतो. कुरआनात 'तमासील', म्हणजे मूर्ती-प्रतिमा, हा शब्द दोन ठिकाणी येतो. सूरह अंबियामध्ये हजरत इब्राहीम आपल्या कौमला विचारतात, तेव्हा त्या मूर्तींपुढे लोक ध्यान लावून बसलेले असतात. सूरह सबामध्ये हजरत सुलैमान यांच्यासाठी जिन्न ज्या वस्तू घडवतात त्यांतही तमासील आहेत. पुष्कळ मुफस्सिर म्हणतात की ती परवानगी पूर्वीच्या शरीयतमधली होती, पुढे राहिली नाही. मुजस्सम्याबाबत हदीसमध्ये सक्त ताकीद आहे, आणि हजरत आयशा यांच्या बाहुल्यांचा आणि पंख असलेल्या घोड्याचा उल्लेखही हदीसमध्येच आहे. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद अब्दुह यांनी १९०४ च्या सुमारास सिसिलीतील संग्रहालये पाहून लिहिले, की जेथे पूजेची शंका उरलेली नाही तेथे चित्र आणि शिल्प ज्ञान जतन करण्याचे साधन ठरते. अनेक उलेमांना ते मान्य झाले नाही. मतभेद आहे, आणि तो जुना आहे.

आमचे म्हणणे एवढेच, की घरात ठेवावे की न ठेवावे हा प्रत्येक घराचा ईमानाचा प्रश्न आहे, पण तोडणे हा त्यावरचा एकमेव उपाय नाही. मुलीला आम्ही तेच सांगितले. तोडण्याआधी नानीला विचार, ती कोणी आणली, कुठून आणली, आणि तळाशी काय लिहिले आहे ते वहीत उतरवून आण. तिने आणलेल्या चार ओळींतून वर्गाला हॅम्बुर्ग बंदर, आगबोटीचा भट्टीवाला आणि तिच्या नानीचे वडील एवढे सगळे एकदम समजले. पाठ्यपुस्तकातल्या एका संपूर्ण धड्यातून इतके समजले नसते. बाहुलीचे पुढे काय करायचे ते तिच्या घरच्यांनी ठरवावे. नको असेल तर एखाद्या संग्रहालयाला द्यावी, विकावी. पण तिची गोष्ट आधी लिहून घ्यावी.

हे तातडीने करण्याचे आणखी एक कारण आहे. आपला मुलूख पाण्याचा आहे. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारी महाड शहरात शिरल्या. त्याच दिवसांत तळिये आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे, साखर सुतारवाडी येथे दरडीखाली माणसे गेली. जेथे माणसे गेली तेथे वस्तूंचे दुःख कोण करणार? करूही नये. पण पूर ओसरल्यावर महाडच्या रस्त्यांवर चिखलात लडबडलेल्या सामानाचे जे ढीग लागले, त्यात निकाहनामे, जमिनीचे कागद, बोटीवरच्या आजोबांचे एकुलते फोटो लगदा होऊन गेले. कागद विरघळला, प्लास्टर फुगले, लाकूड कुजले. चिनी माती तेवढी धुऊन घेतली की जशीच्या तशी राहिली. तेराशे अंशांची आच सोसलेल्या वस्तूला पुराचे पाणी काय करणार? म्हणूनच उत्खननात ती सापडते, म्हणूनच चौलमध्ये कपच्या मिळतात.

पण कपची बोलत नाही. तिच्यावरचा छाप देश सांगतो, काळ सांगतो. ती घेणाऱ्या खलाशाचे नाव, त्याने ती का घेतली, घरी आणल्यावर त्याची बायको रागावली की हसली, हे सांगत नाही. ते सांगणारी माणसे आज ऐंशीच्या पुढची आहेत. महाड, पोलादपूर, माणगाव, म्हसळा येथील उर्दू आणि मराठी शाळांतल्या शिक्षकांनी एक-एक वही केली, प्रत्येक मुलाने आपल्या घरातल्या एका जुन्या वस्तूची चार ओळींत नोंद केली, तर कोकणी मुसलमानांच्या समुद्रप्रवासाचा इतिहास लिहिणाऱ्याला उद्या हाताशी काही लागेल. या कामाला खर्च नाही, सरकारी परवानगी नाही. एक वही, एक पेन आणि मोठ्यांजवळ घटकाभर बसण्याची सवड एवढेच लागते. वार्षिकाच्या वाचकांपैकी जे शिक्षक आहेत त्यांनी येत्या सुट्टीपासूनच सुरुवात करावी, अशी आमची विनंती आहे.